आजारपणाची भिशी

आमच्या डोंगरावर भिशी सगळ्यांना कळायची. दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिने सगळी उचलायची. एकदा उचलली की चिठ्ठीत तिचं नाव नाही, पण पैसे मात्र शेवटपर्यंत भरायचे. कुणी टाळाटाळ केली तर तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचं. मी बरीच वर्षं भिशी चालवली. चौथी शिकलेल्या बाईला जेवढा हिशेब येतो, तेवढा भिशीला पुरतो. विमा मात्र आमच्यात कुणालाच कळला नाही. मला कळला तो उशिरा, आणि कळून काही फार भलं झालं असंही नाही.

घाटकोपरला डोंगरावर आमची खोली होती आणि पायथ्याशी एका डॉक्टरांचा दवाखाना. तिथे मी कामाला होते. झाडू-फडकं करायचं, काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळायच्या, औषधाच्या बाटल्या धुवायच्या, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची आणि पेशंटांना नंबरवार आत सोडायचं. नंबरवार म्हणजे कसं ते सांगते. बाहेर दोन बाकडी होती. एकावर विम्याचे पेशंट बसायचे, म्हणजे कारखान्यातले कामगार आणि त्यांच्या घरची माणसं. त्यांच्या पगारातून विम्याचा हप्ता कापला जायचा, त्यांच्याकडे कार्ड असायचं आणि आमचे डॉक्टर त्या विम्याच्या यादीवर होते. दुसऱ्या बाकड्यावर रोख पैसे देणारे. दोन रोखवाले आत गेले की मग एक कार्डवाला सोडायचा, ही रीत मी कामाला लागले त्याच्या आधीपासूनची. कार्डवाले कुरकुरायचे.

"आमचं रक्त लाल नाय काय?"

"लाल आहे, म्हणून तर तुला लाल औषध मिळतं. बस खाली."

डॉक्टर मुलुंडचे. बापजाद्यांनी कचेऱ्यांत नोकऱ्या केलेलं घर. माणूस हुशार, पण खुर्चीत बसणं म्हणून माहीत नव्हतं. पेशंटची छाती तपासायला उठायचे ते उभेच. पेशंट संपले की त्या एवढ्याशा खोलीत भिंतीपासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून भिंतीपर्यंत चालत राहायचे आणि बोलत राहायचे. ऐकायला मी एकटी. मी फडकं मारत असायचे, ते चालत असायचे, एकमेकांच्या पायात यायचो.

एकदा म्हणाले, "बाई, माझ्या यादीतला कामगार वर्षभर माझ्या दारात आला नाही, तरी त्याच्यासाठी मला पैसे मिळतात. म्हणजे तो बरा राहिला तर माझा फायदा. आणि रोख देणारा माणूस आजारी राहिला तर माझा फायदा. आता सांगा, मी नक्की कुणाचा डॉक्टर?"

"बाजूला व्हा, ओलं आहे," मी म्हणाले.

पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

भांडुपच्या बाजूला एक कारखाना होता. आमच्या डोंगरावरचे पुष्कळ पुरुष तिथे कामाला. माझा नवराही. संप नाही, मारामारी नाही, एका सकाळी माणसं गेली आणि गेटला कुलूप. मालकाने टाळेबंदी केली होती. पुढे रोज सकाळी हे सगळे डबा घेऊन निघायचे, गेटसमोर बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. मी नवऱ्याला म्हटलं, "डबा कशाला नेता? घरी जेवून जा." तर म्हणाला, "डबा नसला की लोक विचारतात." घरात आला की ह्या भिंतीला टेक, त्या भिंतीला टेक. पंखा लाव, पंखा बंद कर. त्या वर्षी सगळ्या डोंगरालाच कुठे बसावं ते कळेनासं झालं होतं.

पगार थांबला तरी विम्याचं कार्ड लगेच थांबत नाही. आधी भरलेल्या हप्त्यांवर ते काही महिने चालतं, मग बंद पडतं. ते बंद पडलं, आणि तेव्हा मला त्या मुलीचं कळलं.

आमच्याच ओळीत, तीन खोल्या सोडून, रत्नागिरीकडचं एक कुटुंब राहायचं. आईबाप आणि सहावीतली मुलगी. बाप माझ्या नवऱ्याबरोबर त्याच कारखान्यात. मुलीला साखरेचा आजार. साखर म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं, असं आम्ही समजत होतो. हिला नवव्या वर्षी झाली होती. गोळीने भागणारी नव्हे, रोज सकाळी मांडीत सुई घ्यायची, जन्मभर. इन्शुलिनची बाटली विम्यातून मिळायची. घरात फ्रीज कुठला, बाटली पिशवीत बांधून पाण्याच्या माठात सोडलेली. रोज लघवी तपासायची. काचेच्या नळीत निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून स्टोव्हवर तापवायचं. निळं राहिलं तर ठीक, हिरवं-पिवळं झालं तर साखर आहे, विटकरी झालं तर फार आहे. मुलगी ते स्वतः करायची, आमच्या पोरी भात शिजला का बघतात तसं.

कार्ड बंद झालं त्या आठवड्यात तिची आई दवाखान्यात आली आणि सवयीने कार्डवाल्यांच्या बाकड्यावर बसली.

मी म्हटलं, "तुमचं कार्ड बंद झालं ना? इथे कशाला बसलीस?"

"मग कुठे बसू? त्या बाकड्यावर बसायला पैसे लागतात."

डॉक्टरांनी औषध कंपन्यांची माणसं सॅम्पल देऊन जातात त्यातून काही दिवस भागवलं. मग सॅम्पल संपली. सरकारी दवाखान्यात कधी बाटली असायची, कधी बाहेरून आणा म्हणायचे. आईने मंगळसूत्रातले मणी ठेवून वाट्या विकल्या, हे सगळ्यांना दिसत होतं. कुणी बोललं नाही, कारण बोललं की काहीतरी द्यावं लागतं.

डॉक्टर आता जरा जास्तच चालायला लागले. "विमा माणसाला नाही बाई, गेटला आहे. गेट उघडं तोवर माणसाला लिव्हर, किडनी, पोरंबाळं सगळं आहे. गेट बंद झालं की काही नाही. अहो, पगार जातो तेव्हाच तर माणूस आजारी पडतो! आणि गेटच्या आत जे कधी गेलेच नाहीत ते? मासे विकणारी, रिक्षावाला, धुणंभांडी करणाऱ्या? तुम्ही? तुमचं कार्ड कुठाय?"

"मी तुमच्याकडेच कामाला आहे," मी म्हणाले. "तुम्हीच काढा."

एकच नोकर असलेल्या दवाखान्याला विमा लागू नव्हता. मग एकदम वळून म्हणाले, "तुमच्या भिशीत लोक दर महिन्याला न चुकता पैसे देतात ना?"

"देतात."

"मग आजारपणाची भिशी काढा. प्रत्येक घराने महिन्याला थोडं द्यायचं. जो आजारी पडेल त्याला मी तपासीन, औषध त्या पैशातून."

"बरी असताना माणसं पैसे देणार नाहीत."

"भिशीत देतात की."

"भिशीत परत मिळतात."

"इथेही मिळतील, आजारी पडले की."

"डॉक्टर, भिशीत नंबर लागावा म्हणून बायका देवाला नारळ बोलतात. तुमच्या भिशीत नंबर लागू नये म्हणून बोलतील."

"तेच तर! म्हणूनच ती स्वस्त पडते!" त्यांना इतका आनंद झाला की जणू मी काही मोठं बोलले. मी म्हटलं ह्यांना भिशी कळली नाही आणि मला ह्यांचं कळलं नाही. तरी मी हो म्हटलं. दया वगैरे काही नव्हती. मुलीच्या आईने माझ्या भिशीची रक्कम आधीच उचलली होती. पोरीच्या सुईसाठी तिने महिने चुकवले असते तर बायका माझ्या उंबऱ्यावर येऊन बसल्या असत्या.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी डोंगर चढायचे. दार दार फिरायचे. रिक्षावाला म्हणाला, "मी अजून जिता आहे, वहिनी. आत्ताच वर्गणी गोळा करता?" शिंपी म्हणाला, "डॉक्टरला निवडणुकीला उभं राहायचं असेल." माझा नवरा म्हणाला, "आमची युनियन बुडाली, आता ह्यांची बघू." पण दिले. थोडे होते म्हणून दिले आणि मी दारातून हलत नव्हते म्हणून दिले.

सगळ्यात पटकन पैसे काढले ते मासेवालीने. मालवणची, विधवा, डोक्यावर पाटी घेऊन पार वाकोल्यापर्यंत फिरायची. विम्याचं कार्ड तिने कधी हातात धरलं नव्हतं.

"मी आजारी पडलंय तर डाक्टर फुकट बघतलो?"

"हो."

"सुयेसकट?"

"सुई लागली तर सुईसकट."

"घे मगे." कमरेच्या पिशवीतून ओल्या नोटा काढून दिल्या. त्यांना बांगड्याचा वास. पुढे एकही महिना ती चुकली नाही. शिमग्याला गावी जायची तेव्हा आधी देऊन जायची.

डॉक्टरांनी स्वतःचंही एक घर धरलं आणि हप्ता दिला. आणि कुणाला न विचारता एक बाकडं मागच्या खोलीत नेऊन टाकलं. आता एकच रांग. रोखवाल्यांतले चारपाच चांगले पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. मी सांगितलं तर म्हणाले, "जाऊ द्या." माझा पगार त्यातूनच निघत होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. माझ्या होतं.

भिशी चालली. कुणाचा ताप, कुणाची खरूज, शिंप्याचा दमा. ही किरकोळ दुखणी येत-जात. पण मुलीची बाटली दर महिन्याला. पैशातला मोठा भाग तिच्यावरच जायचा, आणि ते लपवण्यासारखं नव्हतं. मी लपवलंही नाही. पावसाळ्यानंतर बायका नळावर बोलायला लागल्या. मुलगी कळशी घेऊन आली की एखादी म्हणायची, "ती बघा, आपली भिशी चालली." हसायच्या. मुलगी मान खाली घालून कळशी भरायची. एकदा मला वाटेत गाठून म्हणाली, "काकू, सुई एक दिवसाआड घेतली तर चालेल का?"

"मेलीस तर चालेल. शाळेत जा."

दिवाळी झाली आणि वर्ष भरलं. भिशीचं वर्ष भरलं की हिशेब होतो, नवी भिशी लागते. म्हणून लोकांनी ह्याचीही बैठक मागितली. गणपती बसवायच्या पत्र्याच्या मांडवात सगळे जमले. डॉक्टर आले, उभेच राहिले. मासेवाली पहिली उठली.

"मी वर्सभर भरलंय. माजो नंबर कधी लागतलो?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काय होतंय?"

"काय्येक नाय! वर्सभर मी आजारी पडूक नाय. ह्यो काय माजो गुन्हो झालो?"

"अहो, आजारी पडला नाहीत हाच तुमचा फायदा."

"तो फायदो माका देवान दिल्यान. तुमी काय दिलात?"

मांडवात हशा पिकला. मी हसले नाही, कारण हे असं होणार हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. डॉक्टर समजावायला लागले. आगीचा बंब काय, पूल काय, पुष्कळ दाखले दिले. पण ह्या लोकांच्या डोक्यात भिशी होती. भिशीत वर्षभरात प्रत्येकाचा नंबर लागतो. एकीच्याच नावाची चिठ्ठी बारा महिने निघाली तर ती भिशी नव्हे, लबाडी. त्यांचं चुकत नव्हतं. भिशी हे नाव आम्हीच दिलं होतं.

रिक्षावाला म्हणाला, "डॉक्टरसाब, मग आम्हालाही एक एक सुई मारा ना. ताकदीची. लाल वाली."

"निरोगी माणसाला मी सुई टोचणार नाही," डॉक्टर कडाडले. "फुकटच्या सुया मारून लोकांना लुटणारे खाली रस्त्यावर पुष्कळ बसलेत."

"त्यांच्याकडे निदान सुई तरी मिळते!"

पुन्हा हशा. तेवढ्यात मुलीचा बाप उठला. भिडस्त माणूस, कधी मोठ्याने बोलायचा नाही. म्हणाला, "माझ्या पोरीचं नाव काढून टाका. आमचं आम्ही बघू."

बायकोने त्याचा शर्ट धरून त्याला खाली ओढलं. "बसा हो. तुमच्या मानाने तिची साखर उतरत नाही."

हशा थांबला. पण पैसेही थांबले. डॉक्टरांनी सुई दिली नाही आणि पुढच्या महिन्यात मी डोंगर चढले तर निम्म्या दारांत "पुढच्या वेळी बघू." मासेवालीने तर दारही उघडलं नाही. आतून म्हणाली, "मी आजारी आसंय, डाक्टराक पाठव." आणि स्वतःच खोखो हसली. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी कमी. एक बाटली कशीबशी आली.

मग एक दिवस दुपारी दवाखाना बंद व्हायच्या वेळेला मुलीला खाली आणली. माझ्या नवऱ्याने आणि तिच्या बापाने तिला खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून पायऱ्या उतरवल्या होत्या. दोघे त्या दिवशी गेटवर गेले नव्हते म्हणून बरं. मुलगी धापा टाकत होती, लांब लांब श्वास, आणि तोंडाला वास येत होता, फळं कुजली की येतो तसा. डॉक्टरांना दारातूनच कळलं. त्यांनी सुई दिली, सलाईन लावलं आणि रिक्षा आणा म्हणून ओरडले. कोपऱ्यावर तोच रिक्षावाला उभा होता. डॉक्टर मांडीवर मुलीचं डोकं आणि वर हातात सलाईनची बाटली धरून मोठ्या हॉस्पिटलात गेले. मी आणि तिची आई मागून बसने.

ती वाचली. दोन दिवसांनी शुद्धीत आल्यावर तिने सांगितलं. बाटली जास्त दिवस पुरावी म्हणून ती सिरिंज अर्ध्या खुणेपर्यंतच भरत होती. कुणाला बोलली नाही. निळं पाणी रोज विटकरी होत होतं ते मोरीत ओतून टाकत होती. आईने विचारलं की सांगायची, हिरवं आलं.

रिक्षावाल्याने भाडं घेतलं नाही. पण मी पैसे मागायला गेले तेव्हा म्हणाला, "भाडं नाही घेतलं ना? मग ह्या महिन्याचं फिटलं." मी पुढच्या दाराकडे वळले. त्याच्या बाजूने त्याचं बरोबर होतं.

डॉक्टर हॉस्पिटलातून आल्यापासून धड नव्हते. हात धुवायचे, पुसायचे, पुन्हा धुवायचे. पेशंट समोर बसलेला आणि हे खिडकीबाहेर बघताहेत. शेवटी एका सकाळी मला म्हणाले, "रविवारी सांगा सगळ्यांना. सुई मारतो."

"कसली?"

"लाल. ताकदीची. ज्यांनी वर्षभर भरलं आणि काही घेतलं नाही त्यांना. दरवर्षी एक."

"तुम्ही तर म्हणाला होतात..."

"मी काय म्हणालो होतो ते मला पाठ आहे, बाई."

तो रविवार मी विसरणार नाही. डोंगरावरून माणसं आंघोळी करून, धुतलेले कपडे घालून उतरली, जत्रेला निघाल्यासारखी. रांग दवाखान्याच्या दारापासून वाण्याच्या दुकानापर्यंत. दुखणं कुणालाच नाही. पुढे मासेवाली, केसांत अबोलीचा वळेसर माळून. मी आत स्टोव्हवर सुया उकळतेय, वाफेने तोंड भाजतंय, एक पातेलं उतरलं की दुसरं. डॉक्टर दात आवळून टोचताहेत.

"हातात नको, डाक्टर. कमरेत मार. हातातली सुई काय कामाची?" मासेवाली म्हणाली.

"ही झाली? माका तर कळलीच नाय. जरा लागाक नको काय?"

"पुढच्या वेळी जाड सुई आणतो," डॉक्टर म्हणाले. मासेवाली खूश झाली. तिला ते खरं वाटलं.

रांगेत बघते तर माझा नवराही उभा.

"तुम्हाला काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणून तर उभा आहे."

संपल्यावर डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत बसले. म्हणाले, "एका आजारी पोरीसाठी आज मी अख्खा डोंगर टोचला. माझ्या शिक्षकांना कळलं तर डिग्री परत मागतील." मी सुया मोजून ठेवत होते. मग ते उठलेच पुन्हा. "हे असं दारोदार मागून होणार नाही, बाई. हे सरकारने करायला पाहिजे. सगळ्यांकडून घ्यायचं, कुणाला विचारायचं नाही. सगळ्यांना द्यायचं, कुणाचं कार्ड बघायचं नाही. गेटच्या आत की बाहेर, काही नाही. माणूस आहे ना? मग झालं."

"सरकारने घेतलं की परत येतं का?"

ते चालत होते ते थांबले. "तोच तर घोळ आहे," म्हणाले.

पैसे पुन्हा यायला लागले. सगळेच्या सगळे नाही, पण बाटलीपुरते. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा सुईचा रविवार झाला, त्याच्या पुढेही झाला. कारखाना काही उघडला नाही. माझा नवरा एका सोसायटीत रखवालदार झाला. गेटसमोर बसायची सवय होतीच, आता त्याचे पैसे मिळायला लागले. मुलगी नववीत गेली.

मग तिच्या बापाला अंधेरीला एका कंपनीत नोकरी लागली. कायम. हप्ता कापला जायला लागला आणि काही महिन्यांनी कार्ड चालू झालं. विम्यातून पहिली बाटली मिळाली त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्याकडून पेढे मागवले. चालत चालत त्यांचे बेत सुरू. आता मोठा खर्च गेला, तर शिंप्याच्या दम्याला चांगलं औषध देऊ, बाळंतिणींचं बघू, जोगेश्वरीला त्यांचा एक मित्र डॉक्टर आहे त्याच्या वस्तीतही काढू.

मी पहिल्या रविवारी डोंगर चढले आणि पहिल्याच दारात कळलं की ह्यातलं काही होणार नाही. मासेवाली विचारते, "पोरीक आता विमो मिळता मा?"

"मिळतो."

"मगे आता आजारी कोण आसा?"

"तसं कोणी नाही."

"मगे पैसे कित्याक?"

तीन वर्षं ही बाई त्या पोरीच्या नावाने ओरडत होती. आणि आता ती पोर नाही म्हटल्यावर तिला द्यायला कारण उरलं नाही. वर मला म्हणते, "सुयेचो रविवार मात्र ठेव हां." सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. ज्यांना मी भीत होते ते कुरकुरणारेच भिशी धरून होते, हे मला तेव्हा कळलं. पुढे दोन-तीन महिन्यांत ती बंदच पडली. आता लोकांच्या पाकिटात तऱ्हेतऱ्हेची कार्डं असतात, आणि कुठलं कार्ड कुठे चालतं हे हॉस्पिटलच्या दारात गेल्यावर कळतं. डॉक्टर असते तर चालत चालत बोलले असते.

पण त्या रविवारचं राहिलंच. मी मुद्दाम शेवटी मुलीच्या घरी गेले होते. ह्या घराचा हप्ता मी धरूनच चालले होते. बाकी कुणी नाही दिला तरी ही देईल. आई भाकरी थापत होती. मला बघून हसली, पाट दिला, पण पैशाला उठली नाही.

"ताई, आता आमचं नको," ती म्हणाली. "आमचं कार्ड आलं ना."

"तुझं आलं. बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं मी काय करू? ह्यांच्या पगारातून कापतात. दोन दोन ठिकाणी कुठून भरू?"

"तीन वर्षं ही माणसं तुझ्या पोरीसाठी भरत होती."

भाकरी तव्यावर टाकून तिने हात झटकले. "माझ्या पोरीसाठी? नळावर काय बोलायचे ते तू ऐकलंस ना? सुईसाठी भरत होते. सुया घेतल्या, फिटलं. आता मला कुणाच्या पैशाची वाट बघायला नको. मी झोपते आता, ताई. तीन वर्षांनी झोपते."

हे ऐकून मी उठायला हवं होतं. पण मला ते सुटेना. आत मुलगी अभ्यास करत बसली होती, ती मान वर करून आमच्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "आणि उद्या ह्यांच्या गेटला कुलूप लागलं तर?"

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या उंबऱ्यावर उतरवलेली लिंबू-मिरची टाकली होती. मग तिने दाराकडे हात केला.

"जा गं तू. भरल्या घरात असं बोलू नये."

मी उठले. भाकरीचा करपल्याचा वास आला, ती घाईने वळली. मी पायऱ्या उतरायला लागले. मागून ती मुलीला सांगत होती, वह्या उचल, जेवून घे, सुई घेतलीस ना.